भुसा जातो त्या बाजूला

क्षयाचे निदान झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "उघड्यावर फिरा, पण मास्क लावून, माणसांपासून अंतर ठेवून. वारा श्वास पांगवतो. मात्र कुणी वाऱ्याच्या वाटेत बसलं असेल, तर आधी त्याच्याकडेच नेतो."

त्या हिवाळ्यात शेजारच्या मावशींबरोबर मी रोज सकाळी विद्यापीठामागची टेकडी चढत असे. त्या फुलंब्रीकडच्या, मुलाच्या नोकरीपायी शहरात आलेल्या. घरी मी एकटी. दिवसभरात माझ्याशी बोलणारे तेवढे एकच माणूस. ते गमवायचे धैर्य नव्हते, म्हणून आजार लपवला. मास्कचे कारण धूळ सांगितले. माथ्यावर वाळके गवत चुरडून सोडायचे आणि चुरा उडेल त्या बाजूच्या दगडावर, मावशींपासून दूर बसायचे, हा माझा नेम.

एके सकाळी ऊन वर आले आणि वारा फिरला. इतका वेळ कपाळावर असलेला गारवा अचानक मानेवर आला. छातीत खोकला दाटला. मी धडपडत उठले आणि पलीकडच्या टोकाला गेले.

"का गं, माझ्या अंगाला वास मारतो का?"

"मावशी, मला टीबी आहे."

त्यांनी पदर नाकाला लावला, चपला पायांत सरकवल्या आणि टेकडी उतरू लागल्या. खाली मकबऱ्याचा घुमट धुक्यात विरघळत होता.

पुढचे तीन दिवस मी एकटीच गेले. गवत चुरडायची गरज उरली नव्हती, तरी चुरडले. चुरा कुणालाही न टाळता उडून गेला.

चौथ्या दिवशी त्या माथ्यावर आधीच येऊन बसल्या होत्या, तोंडाला रुमाल बांधून.

"तिथंच थांब! तपासून आले मी, काय निघालं नाय. आन् खळ्यावर उपणण्यात जन्म गेला माझा. मला वारं शिकवती व्हय? भुसा जातो तिकडं बस!"

मी बसले. मध्ये वीसेक पावले. सुनेची गाऱ्हाणी, गुडघ्याचे दुखणे, अंगणातल्या तुळशीला लागलेली कीड, सारे वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत स्वच्छ येत होते.

"बरं झालं, आलात," मी म्हणाले.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

मोठ्याने म्हणायला छाती पुरेना. मी नुसता हात वर केला.