शमूचा डावा कान

शमूचा डावा कान मी फोडला.

त्या शनिवारी सकाळी मी भांडगावच्या मारुतीला तेल घातलं, सायकल काढली आणि पाटसला गेलो. दहाच्या सुमाराला माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राला मी रक्त निघेपर्यंत मारलं.

कपाळावरचा शेंदूर तसाच होता.

पंचाण्णव-शहाण्णवचा उसाचा सीझन. आम्ही दोघं विशीतले, दौंडच्या कॉलेजला एका बाकावर. शमुवेल केडगावचा, मी भांडगावचा.

साखर कारखान्याच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमचं एकच मशीन होतं. मारामारीचा गेम. दोन गडी, एकमेकांची हाडं मोडायची.

डाव्या बाजूची दांडी बिघडलेली. गडी पुढं जायचा, मागं सरायचा नाही. आणि मागं सरल्याशिवाय मार अडवता येत नसे.

शमू कायम तीच बाजू घ्यायचा.

शेडवाले मामा म्हणाले, "पुण्यावरनं मिस्त्री बोलावतो."

"नका ओ मामा. नीट झाल्यावर ह्यात बघायचं काय?"

त्यानं त्या मशीनमधली आणखी एक चूक शोधली होती. समोरच्याला कोपऱ्यात रेटून उडी मारली, की त्याचे पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत शिरायचे. गडी तिथंच अडकायचा. मग त्याच्या तोंडावर लाथा.

त्या सकाळी मी सलग तिसऱ्यांदा हरत होतो. मागं उसाच्या ट्रॉलीचे दोन ड्रायव्हर चहा पीत उभे.

एक म्हणाला, "अरं, त्याला मागं सरता येईना, तरी तुला हाणतोय की."

शमू हसत माझ्याकडं वळला. मला हसत नव्हता, मशीनला हसत होता. हे मला तेव्हाही कळत होतं.

"बाप्या, बघ, तुझा गडी पेरलाय जमिनीत. पाणी घाल, उगवंल."

मी उजव्या हातानं, सगळी ताकद लावून, त्याच्या कानावर मारलं.

तो मशीनच्या लोखंडी कडेवर आपटला आणि खाली पडला. मग लाथा. बरगडीत, पाठीत, पुन्हा डोक्यात. दोघं ड्रायव्हर अजून हसतच होते. रक्त दिसलं तेव्हा त्यांनी मला ओढलं.

मला बरं वाटत होतं.

एवढी वर्षं हेच वाक्य कुणाला सांगता आलं नाही.

शमू उठून बसला. कानातून रक्त मानेवर आलेलं. पडद्याकडं बघून म्हणाला, "माझा एक राऊंड ऱ्हायलाय."

सायकलवर डबलसीट घेऊन मी त्याला केडगावला नेलं. वाटेत तोच म्हणाला, "घरी सांगू, ट्रॉलीवरनं पडलो. तू गप बस."

मी गप बसलो.

पुढच्या वर्षी तो रेल्वेची लेखी परीक्षा पास झाला. मेडिकल तपासणीला गेला. डाव्या कानानं काहीच ऐकू येत नव्हतं. नोकरी गेली.

त्याची आई मला भाकरी वाढता वाढता म्हणाली, "त्या ट्रॉलीनं माझ्या पोराची नोकरी खाल्ली रं बापू."

ताटाआडून शमूनं माझ्या गुडघ्याला पाय लावला. मी भाकरी गिळली.

त्या घरातून मी कधी उपाशी आलो नाही. "जेवल्याबिगर जायचं न्हाई," असं म्हणून ती माउली दाराची कडी लावायची.

शमूनं स्टेशनजवळ व्हिडिओ कॅसेटचं दुकान टाकलं. रविवारी दुपारी आम्ही शटर अर्धं ओढून पिक्चर बघायचो. चांगले नाहीत. ज्यांचं नाव पोस्टरवरही नीट छापलेलं नसायचं, असले. एकटा हिरो तीस जणांना तलवारीनं कापायचा आणि तलवार रबरासारखी वाकायची. गोळी लागायच्या आधीच माणूस पडायचा. मारामारीत शर्टाचा रंग दोनदा बदलायचा.

मेलेल्यांतला कोण श्वास घेतोय, हे आधी कोण ओळखतो, ही आमची शर्यत.

"तो बघ, विहिरीपाशी पडलेला. पोट हाललं."

"चांगल्या पिच्चरमधी मेलेला मेलेलाच ऱ्हातो," शमू म्हणायचा. "त्यात काय मजा?"

आवाज मोठा करू का विचारलं, की म्हणायचा, "राहू दे. असला पिच्चर निम्माच ऐकावा."

मी देवापुढं रोज बसतो. रोज तोच उजवा हात जोडतो. दोनदा शमूला विचारलं, "आईला सांगू का?"

"आईची दुश्मनी ट्रॉलीशी हाय, तिथंच ऱ्हाऊ दे. मी हाय तवर न्हाई सांगायचं."

गेल्या आठवड्यात शमू गेला. हार्ट.

शवपेटी उघडी होती. सगळे प्रार्थनेला डोळे मिटून उभे राहिले. मी मिटले नाहीत. त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडं बघत राहिलो.

हाललं नाही.

काल चर्चमध्ये त्याची स्मरणसभा झाली. पाळक म्हणाले, "कुणाला साक्ष द्यायची असेल त्यांनी पुढं यावं." गेलेल्या माणसाबद्दल जे खरं माहीत आहे, ते उभं राहून सांगायचं.

मी पुढं गेलो.

"शमू ट्रॉलीवरून पडला नव्हता. मी मारलं." मग सगळं सांगितलं. लाथा सांगितल्या. बरं वाटलं, तेही सांगितलं.

त्याचा मुलगा ताडकन उठला. शमूच्या बायकोनं हाताला धरून त्याला खाली बसवलं.

शमूची आई पहिल्या बाकावर होती. ऐंशीच्या पुढची. मी तिच्यासमोर जाऊन खाली बसलो.

"कंच्या हातानं?" तिनं विचारलं.

मी उजवा हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, तळवा बघितला. बराच वेळ. मग सोडून दिला.

"बापू, आज जेवाया थांबू नको."

मी न जेवता भांडगावला आलो.

शमू, तू होतास तोवर थांबलो. आता सांगितलं.

तुझा राहिलेला एक राऊंड माझ्याकडं आहे. नीट जा, गड्या.