डावीकडचा ब्रेक

सर शेजारच्या सीटवर बसले की शिकणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर कमी आणि त्यांच्या पायांवर जास्त असायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडेही एक ब्रेक असतो, तुम्ही पाहिला असेल. सरांचा उजवा पाय कायम त्या ब्रेकवर. दाबलेला नाही, नुसता टेकलेला. असे दीड-दोन महिने जायचे. मग एखाद्या दिवशी चालत्या गाडीत सर वाकून पायातले बूट काढायचे, ब्रेकपासून लांब सीटखाली जोडीने सरकवायचे आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घालून बसायचे. तोंडाने चकार शब्द नाही. मांडी घातली म्हणजे माणूस पास.

लायसन आमच्याकडे पुष्कळांकडे आहे. सरांची मांडी फार थोड्यांना मिळाली.

"सर, बेल्ट लावून मांडी घालणं तुमच्याच नियमात बसत नाही," मी एकदा टोचलं होतं.

"दहा सेकंद, मॅडम. तेवढं म्हाताऱ्याला चालवून घ्या," ते म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले.

मी जेसल पार्कजवळच्या एका शाळेच्या ऑफिसात आहे. फी, दाखले आणि मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅन, हा माझा संसार. सरांची आणि माझी ओळख या व्हॅनमुळे. शाळा उघडायच्या वेळी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ते सगळ्या व्हॅन मैदानात लावायला सांगायचे आणि एकेक तपासायचे. प्रत्येक सीटचा बेल्ट दोनदा हिसडून बघायचे. एकदा नाही, दोनदा. मग गुडघ्यावर बसून ड्रायव्हरच्या पायाखाली हात घालायचे. तिथे हमखास पाण्याची बाटली सापडायची.

"ही घरंगळून ब्रेकखाली गेली तर?"

"सर, इतकी वर्षं नाही गेली," मोरे म्हणायचा. मोरे रायगडकडचा, आमच्यातला सर्वांत जुना व्हॅनवाला आणि सर्वांत तोंडाळ.

"एकदाच जाते ती," सर म्हणायचे आणि बाटली मागच्या सीटवर ठेवायचे.

बेल्ट लावायचा कंटाळा म्हणून मोरे आणि कंपनी बाजारातून नुसती क्लिप आणून खाचेत खोचायची. गाडीला वाटतं बेल्ट लावलाय, ती पिपाणी वाजवायची बंद होते. सर या क्लिपा जप्त करायचे. बेव्हर्ली पार्कातल्या त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या टेबलावर एक मोठा चंदेरी कप होता, तो या क्लिपांनी काठोकाठ भरलेला. कपावर काय लिहिलंय ते मी बऱ्याच उशिरा वाचलं. सर मोटार रेसिंगचे देशाचे चॅम्पियन होते.

हे कोणाला सांगून खरं वाटायचं नाही, कारण सर चाळीसच्या वर गाडी नेत नसत. मागून रिक्षावाले ओरडायचे, "चाचा, पैदल चलो, जल्दी पहुँचोगे." सर हात वर करून त्यांना पुढे जाऊ द्यायचे. उत्तनच्या कोळीवाड्यातला मुलगा मिस्त्रीकाम करता करता रेसच्या गाड्यांपर्यंत कसा पोचला, हे विचारलं की "ढकलत ढकलत" एवढंच उत्तर. शेवटच्या रेसबद्दल मात्र ते एकदा बोलले. ऑफिसात चहा पिताना, मी उगाच खोदून विचारलं म्हणून.

"मी पुढे होतो. एका वळणावर एक गाडी उलटली, माणूस आत. मदतीची जीप जवळच होती, पण वळणाच्या पुढल्या अंगाला. सरळ यायची तर आख्खी फेरी मारायची. जीपवाल्याला वाटलं, माणूस मरतोय, उलटा जातो. चढ होता. मी चढाच्या ह्या बाजूने आलो, तो त्या बाजूने."

मी कप खाली ठेवला.

"जीपमध्ये दोघं होते. एक वाचला."

"आणि उलटलेल्या गाडीतला?"

"तो आपला आपण बाहेर आला. खरचटलंपण नव्हतं." सरांनी चहा संपवला. "माझी चूक नव्हती. सगळे म्हणाले, मीपण म्हणतो. चूक त्याचीपण कशी म्हणू? चांगल्या मनाने घाई केली त्याने. चांगल्या मनाची घाई सगळ्यात वाईट, मॅडम. तिला कोणी अडवत नाही."

त्यानंतर ते रेस खेळले नाहीत, पण ट्रॅक सोडला नाही. वर्षानुवर्षं रेस भरवणाऱ्यांच्या मागे लागले. आता तिथे प्रत्येक वळणावर मदतीची गाडी उभी असते आणि काहीही झालं तरी उलट दिशेने कोणी जात नाही. तेवढं पदरात पाडून घेतलं आणि सर गावी परतले. मग आमच्या व्हॅनवाल्यांच्या मागे लागले. आपल्याकडे दुभाजकाला कुठेही भोक दिसलं की आपण घुसतो, समोरच्याकडे बघून हात दाखवला की झालं. सरांच्या हाताखालचे व्हॅनवाले मात्र लांबच्या यू-टर्नला जाऊन वळायचे. "पुढून," सर म्हणायचे. हा त्यांचा मंत्र. आईबाप तक्रार करायचे की व्हॅन दहा मिनिटं उशिरा येते, आणि त्या तक्रारी माझ्या टेबलावर.

मी गाडी शिकायचं ठरवलं ते पन्नाशीला टेकल्यावर. मी जन्माची घाईची. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडायला धावणारी. लायसन पहिल्या फटक्यात मिळालं, पण मांडी मिळेना. सरांचा पाय आपला ब्रेकवरच. व्हॅनवाल्यांना तर विषयच मिळाला. मोरे रोज सकाळी खिडकीतून डोकावायचा, "मॅडम, घातली का सरांनी?"

"माझं काय चुकतंय ते तरी सांगा," मी एकदा चिडून म्हटलं.

"तुम्ही माझ्या पायाकडे बघता," सर म्हणाले. "पाय असतो म्हणून पळवता. तो नसता तर सांभाळून चालवली असती."

मला ते फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरची तपासणी. शेवटची व्हॅन मोरेची, ती तपासून झाली आणि तो दुपारची मुलं आणायला गेला. सर ऑफिसच्या पायरीवर बसले. मी पाणी घेऊन गेले तर कपाळ घामाने डबडबलेलं आणि डावा हात जबड्यावर दाबलेला.

"पित्त झालंय," ते म्हणाले.

माझे वडील असंच पित्त झालंय म्हणत गेले होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला, त्यांनी वीस मिनिटं सांगितली. मीरा रोडचं हृदयाचं हॉस्पिटल गाडीने दहा मिनिटांवर. मी सरांपुढे हात केला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची किल्ली दिली.

गाडीत बसले आणि म्हणाले, "आधी बेल्ट." माणूस जातो की राहतो अशी वेळ, आणि हे स्वतःचा बेल्ट दोनदा हिसडून बघताहेत. मग माझा. मला रडू येत होतं आणि रागही येत होता.

मेट्रोच्या खांबांशेजारून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते. सर डोळे मिटून बसले होते, ओठ पांढरे पडलेले. एकदाच म्हणाले, "हॉर्नने रस्ता होत नाही." मी ऐकलं नाही. हॉस्पिटलची पाटी उजव्या हाताला, दुभाजकाच्या पलीकडे दिसायला लागली. त्याच्या अलीकडे दुभाजकातला एक दगड लोकांनी केव्हाच सरकवलेला आहे. तिथून आत घुसायचं, समोरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत साठ-सत्तर पावलं उलटं जायचं, की हॉस्पिटलचं दार. रोज शेकडो लोक जातात. पुढून वळायचं तर हॉस्पिटलवरून तसंच पुढे जायचं, यू-टर्नच्या रांगेत अडकायचं आणि सगळं अंतर परत यायचं.

मी विचारसुद्धा केला नाही. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं.

गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली आणि बंद पडली. मी माझ्या पायाकडे बघितलं. मी ब्रेक दाबला नव्हता.

"न्हाय बाय," सर म्हणाले. मला ते नेहमी मॅडम म्हणायचे. "पुढून."

"सर, तुमचा जीव चाललाय. समोर दार दिसतंय."

"समोरून येनाऱ्याला म्हायती न्हाय."

मागे हॉर्नचा गदारोळ. एक स्कूटरवाला माझ्या खिडकीवर थाप मारून त्याच फटीतून आरामात निघून गेला, त्याला काही झालं नाही. त्या क्षणी मला सरांचा तिरस्कार वाटला, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचा पाय ब्रेकवर रुतलेला होता आणि तो उचलायची ताकद माझ्यात नव्हती. मी स्टिअरिंग सरळ केलं. तेव्हा कुठे पाय सैल झाला. मी गाडी पुन्हा सुरू केली.

हॉस्पिटल उजवीकडून मागे गेलं. दारातला वॉचमन दिसला, उतारावर रिकामं स्ट्रेचर उभं होतं तेही दिसलं. आणि आम्ही त्यापासून लांब चाललो होतो.

यू-टर्नपर्यंत आणि परत, नऊ मिनिटं लागली. घड्याळ समोरच होतं. त्या नऊ मिनिटांत मी कशी गाडी चालवली ते मला आजही लख्ख आठवतं. हॉर्न वाजवला नाही, त्याचा उपयोग नाही हे कळलं होतं. डावीकडून एक बस अंगावर आली, तिला जागा दिली. एक बाई मुलाचा हात धरून मधूनच धावली, मी आधीच हळू झाले होते. वळणावर पाण्याचा टँकर आडवा होता, तो सरकेपर्यंत थांबले. गचका बसू नये, सरांच्या छातीला धक्का लागू नये, एवढं एकच डोक्यात. डोळे रस्त्यावरून हलले नाहीत.

"सर?" मी मध्येच विचारलं.

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं."

काय बरं, ते मी विचारलं नाही. दारात पोचले तेव्हा लोक धावत आले, त्यांना अलगद उचलून आत नेलं, आणि मी हातातल्या किल्लीकडे बघत उभी राहिले.

दुपारी चार वाजता डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा बघूनच कळलं. मी एकच विचारलं, "दहा मिनिटं आधी आणलं असतं तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. खोटं बोलून मला मोकळं केलं असतं तरी चाललं असतं, पण ते खरं बोलले.

सरांची बायको उत्तनहून आली होती. त्यांना मी आंटी म्हणते. भिंतीला टेकून मी त्यांना सगळं सांगितलं, ती फटसुद्धा. लपवून ते पाप कुठे फेडू?

"ब्रेक मारला ना त्यानी?"

"हो."

"मारनारच. त्याला तेवढाच येतं." मग पदराने तोंड झाकून म्हणाल्या, "माझ्या हातात गाडी आसती तर मी घुसवली आसती, बाय." आणि आम्ही दोघी तिथेच रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटींचा फोन. दफनाआधी सरांच्या अंगावर सूट चढवायचा होता, पण काळे बूट सापडत नव्हते. हॉस्पिटलने दिलेल्या पिशवीत कपडे होते, घड्याळ होतं, बूट नव्हते. स्ट्रेचरवर कुठे पडले असतील, मी म्हटलं. तरी गाडीत बघते. गाडी अजून हॉस्पिटलच्या आवारातच होती.

मी डावीकडचं दार उघडलं. ब्रेकखाली काही नव्हतं. वाकून सीटखाली हात घातला तर बूट हाताला लागले. ओढून काढायच्या आधी मी नीट बघितलं. दोन्ही बूट जोडीने, टाचेला टाच लावून, ब्रेकपासून लांब सरकवलेले.

मी तिथेच जमिनीवर बसले. इतके महिने मी त्या पायांकडे बघत होते. त्या नऊ मिनिटांत एकदाही बघितलं नव्हतं.

उत्तनला जाताना मी त्या फटीशी थांबले नाही. पुढून वळले. गावात गल्लीच्या तोंडापासून आमच्या सगळ्या व्हॅन एका कडेला शिस्तीत लागल्या होत्या. मोरे दारात उभा होता. त्याने माझ्या हातातल्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच काही न बोलता बाजूला झाला.

आत सर निजले होते. सूट चढवलेला, हात छातीवर, पाय उघडे. मी बूट आंटींपुढे धरले आणि ते कुठे, कसे सापडले ते सांगितलं. त्यांनी ते हातात घेतले नाहीत.

"तूच घाल," त्या म्हणाल्या.

मी खाली बसले. आधी डावा घातला. उजव्या बुटाचा तळ ब्रेकच्या जागी घासून गुळगुळीत झाला होता. त्यावरून मी एकदा बोट फिरवलं आणि तो त्यांच्या पायात चढवला.