द्राक्षांच्या केकची पंगत

रविवार, १४ सप्टेंबर. मी बाथटबच्या कडेवर बसून सासूबाईंच्या साडीवरचा द्राक्षांचा डाग घासत होते. रविवारी तळघरातलं वॉशिंग मशीन लावायचं नाही असा आमच्या इमारतीचा नियम आहे, आणि तो मोडला तर खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात गाठून समजावून सांगतात. त्यामुळे इटलीहून आणलेले आठवड्याचे कपडे पिशव्यांत तसेच पडले होते. ही एकच साडी हाताने धुवायला घेतली होती. व्हिनेगर लावून झालं, मीठ लावून झालं. जांभळ्याचा करडा झाला, इतकंच.

"राहू दे गं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "घरात नेसेन."

कुठल्या घरात, हे मी विचारलं नाही. आठवडाभर आम्ही सगळे त्याच प्रश्नाभोवती फिरत होतो.

सासरे फेब्रुवारीत गेले. जुलैच्या अखेरीस नवऱ्याने सासूबाईंना पुण्याहून इकडे जर्मनीत, त्सुफेनहाउझेनला आणलं. व्हिसा तीन महिन्यांचा, परतीचं तिकीट ऑक्टोबरचं. त्याच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. आईने आता कायमचं इथेच राहावं आणि पुण्याचा फ्लॅट भाड्याने द्यावा. इथल्या एका वकिलाशी तो बोलून आला होता. वकील म्हणाला, अवघड आहे, पण अर्ज करून बघू. पुण्यातल्या एजंटला तर भाडेकरूही मिळाले होते, आणि आम्ही सुट्टीवरून आल्यावर लगेच, सोमवारी सकाळी, तो त्यांना फ्लॅट दाखवणार होता. सासूबाईंनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणायच्या. नवऱ्याने त्याचा अर्थ हो असा घेतला होता.

माझं मत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते तयार नव्हतं. त्या राहिल्या तर त्यांचे डॉक्टर, त्यांची पथ्यं, त्यांचा अख्खा रिकामा दिवस, हे सगळं ऑफिस सांभाळून माझ्याकडे येणार होतं. गेल्या तर सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारी बाई तिसऱ्या मजल्यावर एकटी. दोन्हीकडून मला झोप नव्हतीच.

घरात मृत्यू झाला की वर्षभर आमच्याकडे सण करत नाहीत. यंदा गणपती बसवला नाही. पण सासूबाईंच्या सोसायटीत दहा दिवस मांडव असतो आणि अनंत चतुर्दशीला सगळ्यांचं जेवण. तो मांडव खिडकीतून बघत बसण्यापेक्षा आई लांब असलेली बरी, असं नवऱ्याचं म्हणणं. म्हणून त्याने नेमकं चतुर्दशीलाच इटलीला निघायचं ठरवलं. आणि तिथे बघायचं काय, तर गावोगावचे सण. आठवड्यातला एकेक दिवस त्याने एकेका गावाच्या उत्सवाला वाटून टाकला होता.

"यंदा आपल्याला सण नाही ना?" मी विचारलं.

"ते आपले थोडेच आहेत? नुसतं बघायचं. आईचं मन रमेल."

चतुर्दशीच्या दुपारी आम्ही इटलीच्या वाटेवरच्या गोटहार्डच्या बोगद्याआधी गाड्यांच्या रांगेत उभे होतो. मी मागे वळून तिखटमिठाच्या पुऱ्या वाटत होते. मुलीच्या कानात गाणी. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आता पहिली पंगत उठली असेल." रांग पुढे सरकली.

पहिल्या गावात मखमली कपडे घातलेले पुरुष ढोल वाजवत होते आणि झेंडे हवेत उडवून झेलत होते. छान होतं. उन्हात दोन तास उभं राहिल्यावर जितकं छान वाटू शकतं तितकं. दुसऱ्या गावात देवीची मिरवणूक होती, खांद्यावर पालखीसारखी मूर्ती, मागे बँड. सासूबाईंनी हात जोडले आणि विचारलं, "आता विसर्जन कुठे?"

"विसर्जन नाही आई, परत चर्चमध्ये ठेवतात. पुढच्या वर्षी तीच काढतात."

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "सोय आहे."

नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, "आई, मजा आली ना?" त्या म्हणायच्या, "आली हो." मग खोलीवर जाऊन पलंगावर पाय सोडून बसायच्या आणि मी गुडघ्यांना मलम चोळायचे. मुलगी फोन घेऊन बाल्कनीत. मी एकाही उत्सवाची सुरुवात पाहिली नाही. प्रत्येक गावात मी आधी पार्किंग शोधायचे, मग संडास, मग अंडं-मांस नसलेलं काहीतरी, मग बसायला खुर्ची. हे सगळं मिळेपर्यंत ढोल अर्धे वाजून झालेले असायचे.

शेवटचा दिवस शुक्रवार. डोंगरावरचं एक छोटं गाव, द्राक्षांचा उत्सव. चौकात मोठा मांडव, खाली लांबच लांब टेबलं आणि बाकं, आणि त्यावर ओळीने बसलेली माणसं. सासूबाईंनी ते बघितलं आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"अरे, पंगत आहे की!"

पदर खोचून त्या एका ओळीच्या कडेला बसल्याही. आम्हीही बसलो. कोणी आलंच नाही. पाणी नाही, ताट नाही. शेवटी मुलीच्या लक्षात आलं की आधी खिडकीवर रांग लावून कुपनं घ्यायची, ती अ‍ॅप्रनवाल्यांना द्यायची, मग ते ताट आणून देतात. "गेनाऊ, बरोबर," नवरा म्हणाला आणि दोघं रांगेत गेली. रांग पार विहिरीपर्यंत होती.

सासूबाई आजूबाजूला बघत बसल्या होत्या. "अगं, या टेबलाला तीनदा आले. त्या टोकाला ते म्हातारा-म्हातारी रिकाम्या ताटाने बसलेत. असं वाढतात का?"

"आई, त्यांचं त्यांना कळतं."

"नाही कळत."

मी डोळे मिटले. झोपले नव्हते, फक्त आठवड्यात पहिल्यांदाच कोणी मला काही विचारत नव्हतं. उघडले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. सासूबाई समोरच्या ओळीच्या टोकाला होत्या. काउंटरवरचा द्राक्षांच्या केकचा भलामोठा ट्रे पोटाशी टेकवून, डाव्या हाताने सावरत, उजव्या हाताने त्या चिमट्याने केक वाढत होत्या. आधी त्या म्हाताऱ्या जोडप्याला, मग पुढे, एकही माणूस न चुकवता.

"घ्या हो. अहो, एवढ्याने काय होतंय? अजून एक."

स्वच्छ मराठीत. लोक आधी बिचकले, मग हसायला लागले, मग घ्यायला लागले. एका जाड्या गृहस्थांनी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. आडव्या हाताच्या बाजूने तुकडा सरकवणं ही सासूबाईंची जुनी कला. त्यांनी सरकवला. गुडघे त्या पंधरा-वीस माणसांत कुठेही दुखले नाहीत.

तेवढ्यात एक अ‍ॅप्रनवाले आजोबा कुपनांचा रोल हातात घेऊन त्यांच्या मागे धावत आले. केकला वेगळं कुपन होतं, एका कुपनाला एक तुकडा. सासूबाईंना वाटलं, हेही वाढपी.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "तुम्ही पाण्याचं बघा."

"आई! आई, थांब!" रांगेतून नवरा ओरडला. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ओ गॉट, पाइनलिष!" तिला लाज वाटली की ती जर्मनच बोलते. आनंद झाला तरी जर्मनच बोलते.

मी उठले. उठणं माझंच काम होतं. नशिबाने आजोबांना जर्मन येत होतं, तरुणपणी ते कोलोनच्या कारखान्यात होते. मी सांगितलं, या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सणाला सगळं गाव ओळीने जेवायला बसतं, कुपन नसतं, आणि वाढणाऱ्याने आग्रह केला नाही तर पाहुण्याचा अपमान होतो. त्यांनी ओळीकडे पाहिलं. प्रत्येकाच्या ताटात दोन-दोन तुकडे होते.

"आल्झो, बरं," ते म्हणाले, "ट्रे तर संपला." मी दानपेटीत एक नोट टाकली. ते निघता निघता वळून म्हणाले, "दुसरा ट्रे मात्र त्यांच्या हातात देऊ नका."

सासूबाई आमच्या बाकावर येऊन बसल्या. साडीवर पोटापाशी काळ्या द्राक्षांचा रस झिरपला होता. नवरा रांग सोडून आला.

"आई, हे विकत असतं. आणि तूच म्हणतेस ना, यंदा आपल्याला सण नाही?"

"पूजा करायची नाही, पक्वान्नं करायची नाहीत, ते मला ठाऊक आहे. वाढायला कोणी मना केलंय?" त्यांनी रुमालाने डाग टिपायला सुरुवात केली. "तुझे बाबा गेले म्हणून सोसायटीतल्या माणसांनी उपाशी राहायचं का? चतुर्दशीला शेवटची पंगत मीच वाढते. यंदाही वाढली असती. तू मला गाडीत बसवलंस."

"मला वाटलं, तुला त्रास होईल."

"विचारायचं होतंस."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली शोधायला पिशवीत हात घातला.

"ऑक्टोबरचं तिकीट आहे ना माझं?" सासूबाई म्हणाल्या. "मग झालं. मी जाणार."

"अगं, पण तिथे एकटी कशी राहशील?"

"एकटी कुठे? तिथे मला भांडायला माणसं आहेत. वाढताना मीठ विसरलं तर तोंडावर बोलतात. तुम्ही सगळे माझ्याशी फार चांगलं वागता रे. मला कंटाळा आलाय."

"आजी हाट रेष्ट," मुलगी म्हणाली. आजीचं बरोबर आहे. तिच्या तोंडात केक होता. तो तिला कोणी वाढला, ते मी पाहिलं नव्हतं.

शनिवारी आम्ही परत आलो. मला वाटलं, विषय मिटला. तर रविवारी साडी घासत असताना नवरा बाथरूममध्ये आला आणि दार लावून कमोडच्या झाकणावर बसला.

"उद्या एजंट फ्लॅट दाखवणार आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "दाखवू दे. आईचं मन बदलेल."

"दाखवला की लोक हो म्हणतील, मग तू आईला सांगशील की आता शब्द दिलाय."

"ती पडली तर?" तो म्हणाला.

"पडू शकतात. इथेही पडू शकतात, डिसेंबरात, बर्फावर."

"बाबांच्या वेळी मी पोचलो नव्हतो."

हे त्याने सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा उच्चारलं. विमान मस्कतला थांबलेलं असताना फोन आला होता. मी ओल्या साडीचा पिळा आणखी घट्ट केला.

"माहितेय," मी म्हटलं. "पण त्यासाठी त्यांना इथे ठेवून घेता येणार नाही."

नळ टपटपत होता. तोही दुरुस्त करायचा राहिला आहे. शेवटी नवरा उठला.

"एजंटला तू सांगशील? माझ्याच्याने नाही व्हायचं."

असली कामं फिरून फिरून माझ्याकडेच येतात. "सांगते," मी म्हटलं आणि साडी टबावर वाळत टाकली.

सोमवारी सकाळी मुलीची शाळा सुरू झाली. तिला डबा देऊन बाहेर काढलं आणि चहा टाकायच्या आधी पुण्याला फोन लावला.

"अहो मॅडम, पार्टी घरून निघाली पण!" एजंट म्हणाला.

"परत पाठवा. फ्लॅट द्यायचा नाहीये."

मग शेजारच्या काकूंना फोन केला, त्यांच्याकडे किल्ली असते. ऑक्टोबरच्या आधी घर झाडून घ्या म्हटलं. सुताराकडून बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, भिंतीत पक्का, नुसता चिकटवलेला नको. सासूबाई ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. जर्मनीतल्या कोथिंबिरीला निवडण्यासारखं काही नसतं, तरी निवडत होत्या.

"तिला सांग," त्या मान वर न करता म्हणाल्या, "दांडा उजव्या हाताला हवा. आणि म्हणावं, माझं मोठं पातेलं गेल्या वर्षीपासून तुझ्याकडेच आहे."

मी दोन्ही सांगितलं. फोन ठेवला, चहा प्यायले, नवऱ्याला ऑफिसात मेसेज केला, 'झालं.' मग कपड्यांच्या पिशव्या उचलून तळघरात गेले आणि पहिलं मशीन लावलं.