प्ले-ऑफ आणि आईचं प्रस्थान

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलची खरी मजा शेवटच्या दोन महिन्यांत असते. त्याआधी हिवाळाभर ते लोक इतके सामने खेळतात, की कोण जिंकलं नि कोण हरलं याचं त्यांनाही फारसं सोयरसुतक नसावं. एप्रिलात प्ले-ऑफ सुरू झाले की दोन-दोन संघ एकमेकांना भिडतात आणि ज्याचे चार विजय आधी होतील तो पुढे जातो. म्हणजे कमीत कमी चार सामने, ताणलं तर सात. तिकडची रात्र ती आपली सकाळ, त्यामुळे बनशंकरी भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दरवर्षी जूनपर्यंत सहाच्या आधी उठून टीव्हीसमोर बसते. बेळगावात कॉलेजच्या संघातून खेळायचे तेव्हापासून तिकडचा एक संघ मी आपला मानलाय. नवरा झोपून राहतो. निकाल काय, नंतरही कळतोच, असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी मेअखेर आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली. बाबा गेल्यापासून ती बेळगावात एकटी राहते. पावसाळा संपेपर्यंत तरी इथे राहा, असं मी तिला रोज एकदा सांगायचे आणि ती रोज ‘बघू’ म्हणायची. आईचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. लेकीच्या घरी फार दिवस मुक्काम करू नये हा तिचा नियम, आणि तिने मोडलेला एकही नियम मला आठवत नाही. मला मात्र ती हवी होती. सकाळी उठल्या उठल्या केसांवरून, चहाच्या रंगावरून कुणीतरी डाफरतंय, याची मोडलेली सवय मला पुन्हा लागत चालली होती.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्याबरोबर तिने पंचांग उघडलं. चांगला दिवस निघाला बुधवार आणि रेल्वेचं तिकीट मिळालं पुढच्या सोमवारचं. त्यावर तिच्याकडे जुना तोडगा होता, प्रस्थान ठेवण्याचा. चांगल्या दिवशी आपली पिशवी जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरतात, मग माणूस सवडीने कधीही निघो. अट एकच, ती पिशवी परत घरात आणायची नाही. आणली तर प्रवास मोडला. आईने माझ्या फोनवरून बेळगावची दिशा पक्की करून घेतली, समोरच्या अक्कांचं दार नेमकं त्याच अंगाला निघालं, आणि तांदूळ-सुपारी घातलेली हिरवी पिशवी तिकडे रवाना झाली. अक्का कन्नड, एकट्या राहणाऱ्या आणि हौशी. त्यांनी पिशवीला हॉलमधली चांगली खुर्ची दिली.

पिशवी गेल्यावर आईच्या लक्षात आलं, की अंगावरची एक आणि दोरीवरची एक सोडून सगळ्या साड्या तिच्यातच गेल्या आहेत. आता त्या परत आणणं म्हणजे प्रवास मोडणं. तेव्हा ती साडी बदलायलाच अक्कांकडे जाऊ लागली. निळ्या साडीत समोर जायची आणि तासाभराने पिवळ्या साडीत कॉफी पिऊन परत यायची. खालच्या वॉचमनला आमच्याकडे दोन आजी आल्यात असं वाटत होतं.

अंतिम फेरी सुरू झाली ती शुक्रवारी. आईला पाचला उठायची सवय. तिला मी अंधारात टीव्हीसमोर पाय पोटाशी घेऊन बसलेली दिसले. काय बघतेस म्हणून विचारलं आणि नवा डोळा वापरून बघावा म्हणून शेजारी टेकली. माझ्या संघाने तो सामना सहज घेतला. रविवारी, दुसऱ्या सामन्यात, समोरच्यांचा अक्षरशः धुव्वा उडवला. मी खुशीत होते. आई मात्र त्यांच्याकडे बघत राहिली आणि सोमवारी सकाळी म्हणाली, की मार खाणाऱ्याच्या बाजूनं कुणीतरी बसायला पाहिजे की नको? तिसरा सामना बघून जातो. तिचा विचार बदलायच्या आत मी तिकीट रद्द केलं.

तिसरा सामना तिच्या संघाने जिंकला. त्या आनंदात आईने शिरा केला आणि आता निकाल लागल्यावरच जायचं ठरवलं. चौथा आमचा. म्हणजे तीन-एक, आता आम्हाला एकच विजय हवा होता. इतकी वर्षं मी याच घडीची वाट बघत होते. आणि पाचव्या सामन्याच्या सकाळी देवापुढे उभी राहून मी म्हणाले, देवा, आज आमचे हरू देत. कारण आम्ही जिंकलो की खेळ खलास, आणि पिशवी नि आई दोघी बेळगावच्या गाडीत. माझ्या लाडक्या खेळाडूने सोपी फ्री थ्रो चुकवली तेव्हा मी उशीत तोंड खुपसून हसले. घर का भेदी म्हणतात तो मीच.

आम्ही हरलो. सहावाही हरलो. तोवर अक्का रोज सकाळी फिल्टर कॉफीचा थर्मास घेऊन येऊ लागल्या होत्या, आणि त्यांनीही आईचाच संघ धरला होता. दोघींची टीका कन्नडमधून चालायची. मुद्दाम धक्का मारून घड्याळ थांबवणं त्यांना अजिबात पटत नव्हतं. शेवटची दोन मिनिटं अर्धा तास चालतात हे मात्र आईला लगेच पटलं. आमच्या स्टँडवरची एस.टी. पण अशीच, आत्ता सुटते म्हणायचे आणि तासभर हलायची नाही, ती म्हणाली.

सातव्या सामन्याला माझी मोठी पंचाईत झाली. आता कुणीही जिंको, आई जाणारच होती, त्या संध्याकाळचं तिकीट काढून झालं होतं. मागायला काही उरलंच नव्हतं. शेवटच्या दोन मिनिटांत दोन गुणांचं अंतर, आईने माझं मनगट घट्ट धरलेलं, अक्कांनी डोळे मिटलेले. शेवटचा चेंडू आईच्या संघातल्या एका बुटक्या खेळाडूने लांबून टाकला. तो कड्यावर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. माझा संघ विजेता ठरला. टीव्हीवर रंगीत कागद उडत होते आणि मला रडू येत होतं.

 पडद्यावरची नजर न हलवता आईने विचारलं, “तू असंच खेळायचीस?”

“इतकं चांगलं नाही.”

“मला कुणी कधी सांगितलंच नाही की हे असं असतंय. आलो असतो की बघायला.”

मी कॉलेजात चार वर्षं खेळले. ती कधीच आली नव्हती आणि मी कधी बोलावलं नव्हतं. घरात सगळ्यांनाच ते मुलीच्या उड्या मारण्याचं काहीतरी वाटायचं. मी मान डोलावली, आई उठली आणि पिशवी आणायला अक्कांकडे गेली.

मी दारात थांबले. पिशवी हातात घेऊन ती आमच्या दाराशी आली तर एक पाऊल आत टाकेल, अशी वेडी आशा मला होती. तिने पिशवी उंबऱ्याबाहेर लिफ्टशेजारी ठेवली, रिकाम्या हाताने आत आली आणि गाडीतल्या डब्यात पोळ्या भरल्यास का म्हणून विचारलं. त्या संध्याकाळी ती गेली. स्टेशनवरून परत आल्यावर मी दोन कप विसळले आणि मनसोक्त रडले.

बेळगावच्या तिच्या केबलवर ते चॅनेल येत नव्हतं. घेऊन देऊ का, असं मी तिला कधी विचारलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. नेहमीप्रमाणे उन्हापासून सुरुवात, मग मी तिच्या दुसऱ्या डोळ्याची चौकशी केली, तो अजून धुरकट होता. मग सहज सांगावं तसं म्हणाली, की आज दिवस फार चांगला होता, म्हणून हिरवी पिशवी शेजारच्या वहिनींकडे ठेवली आहे.

कुठे निघालीस, मी विचारलं.

“तुझ्याकडंच की. राहायला नव्हे हां, सामने बघायला. कधी सुरू होतात ते?”

एप्रिलच्या मध्याला, मी सांगितलं. अजून बरेच दिवस आहेत.

“असू देत. मला दोन साड्या पुरतात. पिशवी आता घरात आणता येत नाही, माहीत आहे ना तुला?”