घरी निघालेल्या फौजेचे कागद

"आधी हात धुऊन या ना जी, मग बसा." आखातात, गुदैबियातल्या त्यांच्या खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे, मग तो नुकताच न्हाऊन आलेला का असेना. हात धुतले की ते आपली बोटं उलटसुलट बघत, आणि मगच कपाटातून एक फोल्डर निघे.

ते मूळचे नागपूरचे, अस्करकडच्या कारखान्यात टेक्निशियन. त्यांचा छंद ऐकून तुम्हीही माझ्यासारखे आधी हसला असता. रशियात क्रांती झाली तेव्हा तिथे अडकलेल्या चेक फौजेने छापलेले कागद ते जमवीत: रेल्वेच्या डब्यात छापलेलं वर्तमानपत्र, पोस्टकार्डं, सैनिकांनी बसवलेल्या नाटकांची हँडबिलं. मशीन बसवायला आलेल्या एका चेक इंजिनिअरने आपल्या आजोबांचं एक पोस्टकार्ड त्यांना दिलं, तिथून सुरुवात. पुढे पत्रं आणि अदलाबदल.

"त्यांची भाषा येते तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही जी. पण माणसं कळतात. घरी जायचं होतं, सरळ रस्ता बंद. मग उलट्या बाजूनं, अख्खी पृथ्वी फिरून गेले. अन् वाटेत नाटकं केली बघा!"

त्या फौजेच्या देशाचे दोन देश झाले, त्याच्या पुढच्या वर्षी यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. विमानात सामान तीस किलो. खालच्या दुकानातल्या काट्यावर मी फोल्डर तोलले: सतरा फोल्डर, सव्वाएकोणीस किलो. उरलेल्या पावणेअकरात अकरा वर्षांचा संसार मावेना.

"कार्गोने धाडा," मी म्हणालो.

"पेटी हरवली तर सगळंच गेलं ना जी."

"मग निम्मे इथेच सोडावे लागतील."

तेवढ्यात खेडचा एक ड्रायव्हर आत आला, आणि त्याला हात धुवायलाही त्यांनी सांगितलं नाही.

सुट्टीवर जाणाऱ्याच्या बॅगेत इथे दहा जणांची पुडकी असतात. कुणाचंही पुडकं आमच्या या नागपूरकराने कधी नाकारलं नव्हतं. ड्रायव्हरने सगळं ऐकून घेतलं. "भाऊ, माझ्या आईचं ब्लँकेट द्यायला तुम्ही नागपूरची गाडी सोडून आधी खेडला गेला होतात. एक फोल्डर माझ्याकडे द्या."

"तुझ्या बॅगेत अत्तर सांडते रे."

"यंदा अत्तर खलास!"

यादी मी केली: फोल्डर, पानं, नेणारा, सुट्टीचा महिना. पोचवायचे कुर्ल्याला, त्यांच्या बहिणीकडे. दोन नर्स, एक सुतार, बुसैतीनचा एक स्वयंपाकी, एकेक करत सोळा नावं भरली, शेवटचं माझं. सतरावा त्यांनी स्वतः हातात घेतला.

विमानतळावर म्हणाले, "फौजही अशीच गेली जी. एकेक जहाज. शेवटच्यांना लय थांबावं लागलं."

"पण पोचले ना?"

"पोचले तर!"

पंधरा महिन्यांत, त्यांच्या हातातला धरून, सोळा पोचले, एकही पान कमी नाही. मुलांच्या परीक्षांमुळे माझी सुट्टी सगळ्यांत शेवटी होती. निघण्याआधी त्यांचं कार्ड आलं: "सोळा घरी आले. तुमच्याकडच्याला सांगा, घाई नाही."

पानं मोजायला मी कपाट उघडलं. चोवीस हवी होती. फोल्डरला हात लावणार, तोच थांबलो आणि बेसिनकडे वळलो.

"अहो, ताटं अजून वाढली नाहीत," आतून बायको म्हणाली, "हात कसले धुताय?"

मी टॉवेलने हात कोरडे केले, बोटं उलटसुलट पाहिली, आणि मगच फोल्डर बाहेर काढला.