गुबगुबीत अक्षरांची वेबसाइट

“हे काय आईस्क्रीमचं दुकान आहे का?”

अध्यक्षांनी लॅपटॉप माझ्याकडं ढकलला. स्क्रीनवर त्यांच्याच संस्थेची नवी वेबसाइट होती. कर्णबधिर मुलांची निवासी शाळा, धाराशिवहून येडशीला जाताना लागते ती. ‘या, आमची शाळा बघा’ हा वरचा मोठा मथळा मी गुबगुबीत, जराशा कलंडलेल्या अक्षरांत लावला होता.

धाराशिवातल्या एका छोट्या ऑफिसात मी वेब डिझायनर आहे. नऊ वर्षं झाली. शेजारी माझे बॉस, गिरीश सर बसले होते. ते पटकन म्हणाले, “बदलून टाकू सर. आजच.”

“नाही बदलायचं,” मी म्हणाले.

गिरीश सरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसले.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचं वळण. लांबलचक मजकुराला लागतो तो बॉडी फॉन्ट. वाचताना त्याच्याकडं लक्षच जाऊ नये. डिस्प्ले फॉन्ट मथळ्यासाठी असतो, त्याच्याकडं लक्ष जायलाच पाहिजे. त्यात अख्खं पान लिहिलं तर वाचणारा कंटाळून निघून जातो. मी तसं केलं नव्हतं. प्रवेश, वसतिगृह, लागणारे कागद, सगळं साध्या फॉन्टमध्ये होतं. मजा फक्त मथळ्यांत.

आणि ती मजा मी हवेतून आणली नव्हती. काम सुरू करण्याआधी शाळेत गेले होते. मुख्याध्यापिका शेख मॅडमनी पहिलीचा वर्ग दाखवला. भिंतभर मुलांनी काढलेली अक्षरं. ‘ळ’ला दोन पोटं, ‘ह’ला शेपूट. मी हसले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, “तुम्ही-आम्ही अक्षर आधी ऐकलं, मग बघितलं. ही लेकरं आधी बघतात.” मला तिथंच फॉन्ट सापडला.

हे मी अध्यक्षांना सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, मराठीचे. शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा चढवला, खिशातून स्वतःचा फोन काढला आणि तीच वेबसाइट उघडली.

“बरं. आता हे वाचा.”

“आमचे विद्यार्थी,” मी म्हणाले.

“नीट वाचा. ‘विद्याथी’ लिहिलंय. रफार कुठं गेला?”

गेला होता खरा. इंग्रजी अक्षरांच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडं मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार असा सगळा पसारा वर असतो. फोनसाठी मी ओळीची उंची कमी ठेवली होती. या फॉन्टचा रफार वेलांटीच्याही वर बसतो, तो कापला गेला. लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं. फोनवर मी तपासलंच नव्हतं.

“आधीच लोक आमच्या पोरांना येडं समजतात,” अध्यक्ष म्हणाले. “त्यात शाळेचं शुद्धलेखन असं? अक्षरं ही अशी? चेष्टाच झाली की.”

माझे कान तापले. “चूक माझी आहे, सर. रफार आज परत येईल. फॉन्ट मात्र राहील.”

गिरीश सरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. “मीनाक्षी, क्लायंटला न्हाय म्हणायचं नसतं गं.”

“मग हे काम दुसऱ्या कुणाला द्या. माझ्या हातून ह्या पानाची सरकारी नोटीस होणार नाही.”

“नोकरी करायची का न्हाय तुला?”

“करायचीय. हीच करतेय.”

आत येऊन मी अध्यक्षांना म्हणाले, “शनिवारी पालक मुलांना न्यायला येतात. साध्या अक्षरांचाही एक नमुना करते. त्यांना दोन्ही दाखवू.”

“दाखवू,” ते म्हणाले. “पण पालक मी निवडणार. विचारणारही मीच.”

शनिवारी त्यांनी ईट गावाहून आलेल्या एका बाईंना निवडलं. संगीताताई. चार वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदाच शाळा बघायला आल्या होत्या. अध्यक्षांनी दोन फोन समोर धरले. कोणता नमुना कुणाला हवाय, हे सांगितलं नाही. मी दाराशी उभी होते.

त्यांनी आधी साधा नमुना बघितला. “हे हापिसाचं वाटतंय. असल्या ठिकाणी गेलं की म्हणत्यात, हा कागद न्हाय, तो कागद न्हाय, उद्या या.”

मग दुसरा. एकेक अक्षर लावत वाचलं, “या, आमची शाळा बघा.” मग म्हणाल्या, “इथं लेकरं असतील.”

मुलीनं मधेच हात घातला. ‘ळ’वर बोट ठेवलं आणि त्याच्या पोटावरून गोल फिरवलं. फोनचं पान सरकलं. तिनं बोटानं ते परत खाली ओढलं.

“पण ताई,” अध्यक्ष म्हणाले, “आपल्या लेकराची चेष्टा केल्यासारखं न्हाय वाटत?”

“न्हाय सर. चेष्टा करणारी माणसं लई बघितली म्या. रोजच बघते. ती असं ‘या’ म्हणत न्हायती.”

अध्यक्षांनी दोन्ही फोन खाली ठेवले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “रफार आधी. आणि माझं मनोगत साध्या अक्षरात.”

“ते साध्याच अक्षरात आहे, सर.”

“तपासा.”

आठवड्यानं वेबसाइट सुरू झाली, गुबगुबीत मथळ्यांसकट. अध्यक्षांना तो फॉन्ट आजही आवडत नाही, तसं ते तोंडावर सांगतात. गिरीश सर नवीन क्लायंटला ही वेबसाइट दाखवतात तेव्हा ‘आम्ही ठरवलं’ म्हणतात. म्हणू देत.

नवीन डिझायनरना मी इतकंच सांगते. मथळ्याचा फॉन्ट निवडताना, हे कोण वाचणार ते आधी विचारा. मंजूर कोण करणार ते नंतर. आणि भांडायला उभं राहणार असाल, तर आधी आपले रफार मोजून घ्या.