मांजराचा वाटा

इराणी मांजर आमच्या घरी आलं ते जाऊबाईंच्या नावावर. थोरले दीर बीडच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या साहेबांची बदली हैदराबादेकडं झाली आणि त्यांच्या बेगमेला एवढ्या लांब मांजर न्यायचं नव्हतं. आम्ही दोघी जावा बैलांच्या दमणीतून निरोप द्यायला गेलो, तेव्हा तिनं ते जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं. पांढरं शुभ्र, बसक्या नाकाचं, शेपूट चवरीसारखी.

बेगम दखनीत सांगत होती. कंगवा नेमानं फिरवायचा, नाहीतर केसांच्या गाठी होतात. अंघोळ घालायची नाही, डाळीचं पीठ चोळून झाडायचं. डोळ्यांचं पाणी ओल्या फडक्यानं टिपायचं. जाऊबाई मान डोलवत मांजर कुरवाळत होत्या. ऐकत होते मी. निघताना शिंगाचा कंगवाही तिनं माझ्याच हातात दिला.

त्यानंतर सकाळी धारा झाल्या की मी मांजर गुडघ्यात धरायचे. आधी पोट, मग काखा, कानांमागं, शेवटी शेपूट. ते गुरगुरायचं, ओरबाडायचं. केस गिळून ओकलं की पुसायचे मीच. उन्हाळ्यात रांजणाखालची ओली जागा त्याला मोकळी करून द्यायचे. परसातल्या चुलीवर मटण शिजलं की त्यातला तुकडा बारीक करून आधी त्याला घालायचे. एवढं झालं की ते सुटायचं आणि थेट जाऊबाईंच्या मांडीवर जाऊन बसायचं. बसणारच. त्यांच्या हातात कधी कंगवा नसायचा. कारण कळत होतं, म्हणून माझं जळणं काही कमी होत नव्हतं.

हळदीकुंकवाला बायका यायच्या त्या मांजर बघायला. लई मऊ ठेवलंय हो तुमी, असं जाऊबाईंना म्हणायच्या. जाऊबाई हसायच्या. मी पानसुपारीचं तबक फिरवत असायचे. त्यांनी एकदा तरी माझ्याकडं बोट करावं, एवढंच मला पाहिजे होतं.

पुढं भाऊ वेगळे निघाले. भांडण नव्हतं, घर पुरत नव्हतं. आमच्यात थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा अशी रीत. घरातल्या चीजवस्तूंचे वाटे दिरांनी जाऊबाईंवर सोपवले. त्यांनी एकीकडं ताजी व्यालेली म्हैस बांधली आणि तांब्याचा हंडा ठेवला. दुसरीकडं भाकड म्हैस, पितळी घागर आणि पाटीत बसवलेलं मांजर.

“उचल धाकटे,” त्या म्हणाल्या. मी काय उचलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझी पोरं दूध पिणारी होती. मी दुभती म्हैस उचलली. आजही तीच उचलेन. कंगवा मात्र कोणत्याच वाट्यात नव्हता. तो माझ्या कोनाड्यात राहिला.

अंगणात कमरेएवढी भिंत घातली. पलीकडून जाऊबाई मांजराला हाक मारायच्या आणि इकडं माझी भाकरी करपायची. दोनेक महिन्यांत मांजराच्या पोटाखाली गाठी झाल्या. जाऊबाई भिंतीशी येऊन कंगवा मागू लागल्या. मी म्हटलं, कंगवा मिळायचा नाही, मांजर द्या. त्यांनी दिलं. गाठी कातरीनं कापून मी बाकीचं विंचरलं. तेव्हापासून चार दिवसांआड मांजर भिंतीवरून यायचं आणि विंचरून झालं की उडी मारून परत जायचं. मी पांढऱ्या केसांचा गोळा हातात घेऊन अलीकडं.

चैत्रात त्यांच्याकडं हळदीकुंकू झालं. एका नवख्या पाहुणीनं विचारलं, एवढे केस सांभाळता तरी कसे? मी मान वर केली. जाऊबाई म्हणाल्या, “त्यात काय. आमच्या धाकटीकडं पाठवून देते.”

परटाकडं धुणं पाठवतात तसं.

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या माहेरच्या बायका यायच्या होत्या. सकाळीच मांजर भिंतीवरून आलं. मी ते गुडघ्यात धरलं आणि फक्त डावं अंग विंचरलं. पीठ चोळून, गुंता सोडवून, अगदी नीट. उजव्या अंगाला हात लावला नाही. मग मांजर भिंतीवर ठेवलं आणि जाऊबाईंना हाक मारली. एका अंगानं ते पिंजलेल्या कापसासारखं फुललं होतं, दुसऱ्या अंगानं जुन्या घोंगडीसारखं.

“हे काय गं?”

“माझ्या वाट्याचं झालं, बाई. तुमच्या वाट्याचं ऱ्हायलंय.” मी कंगवाही भिंतीवर ठेवला.

 त्यांनी मांजर काखेत घेतलं आणि कंगवा उचलला. बराच वेळ पलीकडून गुरगुर ऐकू येत होती. मी ताक घुसळत होते.

दुपारी पाहुण्यांसाठी ताक घेऊन गेले, तर जाऊबाईंच्या दोन्ही हातांवर ओरखडे, वर हळद लावलेली. मांजर फडताळाखाली दडून बसलं होतं, दोन्ही अंगांनी विंचरलेलं. त्यांच्या भावजयीनं केसांचं कौतुक केलं. जाऊबाईंनी एकदा हातांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

“ही विंचरते,” त्या म्हणाल्या. “आणलं तवापासून हीच विंचरते.”

मी खाली बसले. सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. तेवढ्यात मांजर फडताळाखालून निघालं, अंग झटकलं आणि त्या ओरखडलेल्या हातांखालीच जाऊन बसलं.

मी ताकाचं रिकामं भांडं उचललं आणि म्हशीकडं आले.